बन्सीची जागा

४ नोव्हेंबर, मंगळवार

नसलेला माणूस दिसतो आणि त्याच्यामुळं पाय हलतात, तर त्याला आजार म्हणायचं की औषध? मला उत्तर येत नाही. परीक्षेत आलं असतं तर काहीतरी लिहून आले असते.

नामदेवकाका आज पुन्हा वर्गाच्या दारात अडकले. एसटीचे ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली. पार्किन्सनमध्ये पाय असे जमिनीला चिकटतात, उंबरठा दिसला की जास्तच. मी अंक मोजले, टाळ्या वाजवल्या, खडूनं रेघ मारून 'ही ओलांडा' म्हटलं. काही नाही. मग ते एकदम बाजूला बघून म्हणाले, "व्हय बाबा, चाललो." आणि चालले. सरळ ठोसे मारायच्या बॅगेपर्यंत, एकदाही न अडखळता.

कोणाला म्हणालात, विचारलं.

"बन्सीनं डबल दिली न."

बन्सी त्यांचा कंडक्टर. वीस वर्षं एका गाडीवर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आता कुठं असतात बन्सीभाऊ, म्हटलं. वारला, म्हणाले, सहा वर्षं झाली. आणि हातमोजे ठेवतो त्या खुर्चीकडं मान केली. "तिथं उभा हाय."

खुर्चीपाशी कोणी नव्हतं. मी दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा का बघितलं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

पार्किन्सनवाल्यांच्या बॉक्सिंगला पाचही जण आले. बॅग म्हणजे आपलं पोतं, आत जुने कपडे आणि सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा. हातमोजे तेवढे खरे. हा आजार माणसाला बारीक करत जातो. अक्षर बारीक, आवाज बारीक, पाऊल बारीक. म्हणून मी ओरडून मोजायला लावते, खांद्यापासून हात मारायला लावते. ज्याचा राग येतो त्याचं तोंड बॅगवर आणा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं होतं. गंगामावशी पदर खोचून मारतात. आज म्हणाल्या, "माझी सासू मरून तीस वर्सं झाले, पर आज बराबर नाकावर बसली." सगळे हसले. देशमुख मास्तरांचा चेहरा आजारानं हलत नाही, त्यांचे खांदे हलले.

काकांचा फक्त उजवा हात चालला. डावा छातीशीच. काहून मारत नाही काका, म्हटलं.

"त्याला लागंल."

बन्सी बॅगेच्या डाव्या अंगाला उभा राहतो म्हणे. मग मी काय करावं? स्टूलवर चढून दोरी सोडली आणि बॅग दोन फूट उजवीकडं टांगली. दोन्ही हात चालले. चाळीस ठोसे, आवाज जिन्यापर्यंत. हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी खूश झाले. खूश झाले, हे खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रेखावहिनी, काकांची सून, त्यांना स्कूटीवर आणतात-नेतात. गोळ्यांच्या वेळा मोबाईलवर लावल्यात, एक चुकत नाही. काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत, सगळं हिच्याच अंगावर. आज त्या यायच्या आत काका हळूच म्हणाले, "सुनबाईला बन्सीचं सांगू नको, पोरी. हे लोक मला कुठं घेऊन जातील, तुला ठाऊक हाय."

ठाऊक आहे. हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. गावी

सेनगावहून जीपनं आले. आई कापसाला गेली होती, घरी कोणी नाही. गोठ्यात जाऊन उभी राहिले.

आजा इथंच बोलायचा. भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात. हात थरथरायचा. मी नऊ वर्षांची. सगळे म्हणाले बाहेरचं आहे. एक माणूस आणला होता, त्यानं मिरच्यांची धुरी दिली. आजाचा हात हलतो म्हणून खाटेला बांधायचं ठरलं. सुतळी कुठंय म्हणून विचारलं तेव्हा ती मी आणून दिली. पळत जाऊन.

फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी एका रुग्णाचा व्हिडिओ लावला. तो हात. तसाच, अंगठा बोटावर घासणारा, गोळी वळल्यासारखा. मी उठून बाहेर गेले. मैत्रिणींना वाटलं रक्तबिक्त बघवत नाही मला.

आईला एकदा सांगून बघितलं. म्हणाली, "शिकलीस म्हणून काय बी म्हणशील. त्याला लागीर झालं होतं, आमी डोळ्यानं पाह्यलं."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काका पाचात सगळ्यात पुढं. दारात आता मीच विचारते, बन्सीभाऊ आले का. ते म्हणतात, आला, अन् निघतात. मावशींना वाटतं ही आमची गंमत चालते. त्याही आज म्हणाल्या, "बन्सीला म्हणा, मला बी एक तिकीट फाड."

वर्ग संपल्यावर गच्चीवरची शेड पुसायला घेतली. दुपार, पत्र्यावर कबुतरं, बाकी काही आवाज नाही. पुसून झालं आणि बघितलं तर बॅगेच्या डावीकडं गोल कोरडा राहिलेला. मी त्या जागेला वळसा घालून पुसलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

परत ओला कपडा घेऊन गेले. नाही पुसवलं.

२ डिसेंबर, मंगळवार

ट्रेनिंगची वही काढली. माझ्याच अक्षरात आहे: 'भास सुरू झाल्यास घरच्यांना व डॉक्टरांना लगेच कळवणे.' खाली दोन रेघा मारल्यात. आजारानं होतं, गोळ्यांनीही होतं. डॉक्टर गोळी कमी करतील, बदलतील. गोळी कमी झाली की पाय पुन्हा...

आणि घरचे? डॉक्टरांचं ऐकतील की

काकांच्या नांदेडच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. वहीत ठेवली.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सहाला वहिनींचा फोन. काका अंथरुणात नव्हते. कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दूधवाल्याला सापडले. अंगात जुना खाकी शर्ट. रस्त्याच्या मधोमध उभे, मागं ट्रक हॉर्न देऊन राहिला, तरी हलेनात. दूधवाल्यानं कमरेला धरून ओढलं.

मी त्यांच्या घरी गेले. काका चहा पीत होते, कप बशीवर वाजत होता. वहिनी आत गेल्या तेव्हा विचारलं, काका, मधेच काहून थांबलात?

"बन्सीनं एकच दिली. मंग थांबा लागते."

दुसरी दिली नाही तर? विचारलं नाही.

निघाले तेव्हा त्यांच्या जिन्यात वहिनींनी मला गाठलं. "मॅडम, खरं सांगा. मामा तुमच्याकडं कुणाशी बोलतात का? घरात एकटेच पुटपुटतात."

मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

एवढं सोपं निघालं तोंडातून.

११ डिसेंबर, गुरुवार

काका आले नाहीत. बाकीच्यांनी चौघांतच वर्ग केला, कोणी मोठ्यानं मोजलं नाही. मास्तर म्हणाले बॅग पुन्हा मधे टांगा. मी राहू द्या म्हटलं.

दुपारी वहिनी एकट्याच आल्या. दोन दिवसांत डोळे खोल गेलेत. माहेरच्यांशी बोलणं झालंय. डोंगरकड्याकडं बाहेरचं काढणारा कोणी एक आहे, येत्या अमावस्येला न्यायचं ठरलंय. मुलगाही फोनवर हो म्हणाला. तोवर रात्री दाराला बाहेरून कडी. "बाहेरचं असलं तर डॉक्टर काय करंल, मॅडम? तुमी तर म्हणालात तुमच्याकडं चांगले राहतात. म्हणजे घरातच काहीतरी हाय." आणि मला म्हणाल्या, तुमी चला सोबत, मामा तुमचं ऐकतात.

म्हणजे मी गप्प बसले म्हणून. ज्याच्या भीतीनं गप्प बसले तेच, माझ्याच हातानं.

वहिनी वाईट नाहीत. आमच्या घरातलंही कोणी वाईट नव्हतं. त्यांना कोणी दुसरं नाव सांगितलं नव्हतं, एवढंच. सांगणारं तेव्हा घरात कोणी शिकलेलं नव्हतं.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी आठला नांदेडला फोन केला. डॉक्टरांच्या माणसाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सोमवारची वेळ दिली. लघवी तपासून आणा म्हणाला, कधी कधी साध्या इन्फेक्शननंही वाढतं.

मग वहिनींना म्हटलं, आज काकांना वर्गाला आणाच. काकांच्या पाठीमागं बोलायचं नव्हतं. बाकीचे गेल्यावर दोघांना बसवलं आणि सांगितलं. बन्सी कोण ते. कधीपासून दिसतो ते. हा आजाराचा आणि गोळ्यांचा भाग आहे, बाहेरचं काही नाही. बॅग मी सरकवली. मीच रोज त्याची चौकशी करत होते. जिन्यात खोटं बोलले. माझ्या आजाचंही सांगितलं, सुतळीसकट. ते घराबाहेर कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

वहिनी हातातल्या चावीकडं बघत होत्या. "महिना झाला तुमाला माहीत होऊन," म्हणाल्या. "मी रातभर त्यांच्या खाटेपाशी बसून राहिले, मॅडम. अन् तुमाला माहीत होतं."

हो म्हटलं.

अमावस्येचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सोमवारी येतील की नाही तेही नाही. गाडी काढते म्हणून खाली गेल्या.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते डावीकडं बघत बसले, मग माझ्याकडं. आवाज पुन्हा बारीक झालेला, वाकून ऐकावं लागलं.

"माझ्यासमोर सांगितलंस ते बराबर केलंस. त्याला बी विचारायचं होतं आधी. इतक्या वर्साचा माणूस हाय."

मी खाली मान घालून म्हटलं, चुकलं काका. कुणाला म्हटलं, कोण जाणे.

दारात ते अडकले. मी काही विचारलं नाही, त्यांनीही बाजूला बघितलं नाही. मी हात पुढं केला. त्यांनी धरला नाही. चौकटीला धरून कितीतरी वेळ उभे होते. खाली स्कूटी चालूच होती. शेवटी वहिनी वर आल्या, एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी, असं एकेक पायरी उतरवलं.

चिठ्ठी वहीत नाही आता. वहिनींच्या पर्समध्ये माझ्या हातानं घातली, वेळ आणि पत्ता वर लिहून. डॉक्टरांकडं तिची दुसरी प्रत मोबाईलवरून सकाळीच गेली आहे.