सावडीच्या दिवसाला भाव नाही

२ डिसेंबर
डोळ्यावरची पट्टी निघाली. आता नुसता काळा चष्मा. डॉक्टर म्हणाले, पडद्याकडे कमी बघा. कमीच बघतोय. रशीदा कॉम्प्युटरशेजारी चहा ठेवताना, "उस डब्बे में क्या गाड के रक्खे जी?" रोजमेळ, दुसरं काय. मोटारी वायंडिंग करता करता दुकानाच्या हिशेबाला लिहिलेला प्रोग्राम, फुकट सोडला, आता कुठकुठले लोक वापरतात. लेक असती तर एव्हाना नांदायला गेली असती. हा अजून कुरकुरतोच आहे.

मी दवाखान्यात होतो तेवढ्यात निखिलने एक बग मारला. पोरगं पुण्यात नोकरी सांभाळून रोजमेळची सगळी जड कामं ओढतं. बग खराच होता. रकमेपुढे कुणी 'रुपये' लिहायला विसरला, की प्रोग्राम ते पोती, दिवस असलं निराळंच माप धरायचा आणि चूक गिळून गप्प बसायचा. आता प्रत्येक मापाला रुपयातला भाव सांगावाच लागेल, नाहीतर गाडी पुढे सरकत नाही. चोख काम. शाब्बास लिहिलं. चाचणीची आवृत्ती शेजारच्या रानातल्या कमलच्या मोबाईलवर टाकली, नेहमीसारखी.

५ डिसेंबर
कमल आली ती दारातूनच, "चाचा, तुमच्या डब्यानं आमच्यात काडी लावली!"

तिच्या टोळीची सावड ती रोजमेळमध्ये लिहिते. आज सगळ्या बाया तुझ्या रानात, उद्या माझ्या. दिवसाला दिवस. प्रोग्रामने दिवसाचा भाव मागितला, हिने चालू मजुरी टाकली. कांदा लागवडीला जास्त, खुरपणीला शंभर रुपयांनी कमी. झालं! टोळीतल्या सखूने हिच्याकडे खुरपणी केलेली, हिने सखूकडे लागवड. खरं तर फिटलेलं. पडद्यावर आलं, सखूकडे शंभर बाकी. कमलने गंमत म्हणून मोठ्याने वाचलं. बाया हसल्या.

"माझा दिस हलका व्हय गं?" म्हणून सखू खुरपं घेऊन चालती झाली. तिच्या वस्तीवरच्या बायाही तिच्या मागे.

आणि कमलचं कांद्याचं रोप लावणीला आलंय. "लई दिस ऱ्हायलं तर म्हातारं हुतं चाचा, मग नुसती डेंगळं, कांदा पोसत न्हाई. एकटी किती वाफं लावू?"

६ डिसेंबर
निखिलला फोन.
"चाचा, काम शेवटी पैशातच मोजतात ना?"
"मजुरी मोजतात. सावड मजुरी नव्हे."
"मग भाव शून्य टाका."
"सखूला सांगू, तुझा दिवस शून्याचा? खुरपं घेऊन माझ्या दारात येईल ती."
हसला, पण हटला नाही. त्याचंही खोटं नाही. बिनभावाची मापं मोकळी सोडली की तो जुना बग परत घरात. दार उघडं ठेवलं की मांजर येणारच. म्हणून काय घराला दारच ठेवायचं नाही?

७ डिसेंबर
रोजमेळच्या चर्चेच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं: सावडीच्या दिवसाला भाव लागणार नाही. भावाची सक्ती काढतोय. कुणी एकाने विचारलं, असं वापरणारे आहेत किती? लिहिलं, एक टोळी. पुरे.

नि.: "दर वेळी एका गावासाठी सगळ्यांनी वाकायचं का? काढलंत तर यापुढे मी नाही, चाचा."

हा गेला तर माझे डोळे हे असे, आणि…

तरी काढलं.

९ डिसेंबर
सापडलं! वायंडिंगमध्ये दोन कॉइलींच्या मध्ये कागद सारतो, एकमेकींना चिकटून जळू नयेत म्हणून. तसंच. फाईलच्या डोक्यावर एक ओळ: 'बिनभावी दिवस'. असं आधी सांगितलेल्या मापाला भाव विचारायचा नाही, आणि त्याला रुपयांत मिसळूही द्यायचं नाही. न सांगितलेलं माप आलं की जागेवर थांबायचं. म्हणजे विसरभोळाही सापडतो आणि सावडही वाचते.
रशीदा, "पैले आंखों में दवा डालो." घातली.

११ डिसेंबर
सगळ्या टेस्ट पास, एक सोडून. वर्षअखेरीला कुणाचा दिवस फिटायचा राहिला तर? कमलला विचारलं.
"ऱ्हाऊ द्या की तसाच. सासू गेली तवा तिचे ऱ्हायलेले दिस मी फेडले. कुनी मागितलं न्हवतं."
तसंच लिहिलं. दिवस पुढच्या वर्षात ओढा. फेडणार कोण, ते प्रोग्रामने विचारू नये. ही पण पास.

१३ डिसेंबर
कमलच्या मोबाईलवर नवं टाकलं. ते शंभर गेले. म्हटलं, जा, सखूला दाखव.
"आन् ती म्हनंल, डबा सांगतो तवा माझा दिस खरा व्हय? न्हाई चाचा. सकाळी तिच्या वांग्यात खुरपाया जाती. न बोलावता."
"आणि हाकललं तर?"
"बांधावर बसंन. पर दिस घालीन."

१४ डिसेंबर
गेली होती. सखूने हाकललं नाही, दुपारी पाण्याची कळशी कमलच्या सरीला आणून ठेवली म्हणे. संध्याकाळी कमलने लिहिलं: सखूकडे एक दिवस. भाव कुणी विचारला नाही.
नि.ला पॅच पाठवून किती वेळ झाला. 'पाहिलं' एवढीच खूण. दोघांनी होकार दिल्याशिवाय रिलीज नाही, हा नियम.

१५ डिसेंबर
सकाळभर वाट बघितली. मग त्याला लिहिलं: "दोघांच्या होकाराचा नियम मीच केला, आज मीच मोडतोय, उघड्यावर. चूक दिसली तर शिव्या घाल, पण कोडात येऊन घाल. तुझी जागा तुझीच राहील, कितीही रुसलास तरी."
रिलीज केलं.

तो कोडात येतो का, बघू. सखूच्या वस्तीवरच्या बाया येतील का, कमललाही ठाऊक नाही. रोप उपटून ठेवलंय, उद्या लावणी. बांधावरून कमलची हाक, "चाचा, बाया कमी पडल्या तर रोपं वाटाया या!"
डोळ्यात माती जाईल म्हणून रशीदाचं सुरू झालंय. जाऊ दे. कमलला ओरडून सांगितलं, सावडीत माझ्याही नावाचं खातं उघड.