राहून गेलेला उत्तरपक्ष

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायला संकोच वाटत नाही. तुम्ही होतात तेव्हा माझं वाक्य तुमच्यासमोर हटकून अर्ध्यावर अडखळायचं, कारण तुम्ही मध्ये बोलायचा नाहीत. बाकीचे शिक्षक मध्येच तोडायचे, मग त्यांच्याशी भांडता यायचं. तुम्ही नुसते ऐकत राहायचात, आणि असं ऐकणाऱ्या माणसासमोर खोटं वाक्य पूर्ण करणं फार अवघड जातं. तेव्हा हे कळत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला कमी ऐकू येतं.

परवा बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो, तर एका वाचकाने गाठलं. मी पेपरात आठवड्याला एक सदर लिहितो, लोकांच्या खोड्या काढण्याचं, तेवढंच जमतं. गृहस्थ म्हणाले, "तुमचं वाचतो मी. टोपी बरोबर उडवता एकेकाची. पण मग करायचं काय, ते काही तुम्ही सांगत नाही." मी म्हणालो, "ते सांगणाऱ्यांचीच टोपी उडवतो ना मी." ते हसले. मीही हसलो, मेथी घेतली आणि घरी आलो. मेथी निवडताना तुमचं स्वयंपाकघर आठवायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

ख्रिस्ती तत्त्वज्ञान आणि विश्वाससमर्थन हा तुमचा विषय. म्हणजे आपल्या श्रद्धेवर कोणी आक्षेप घेतला तर त्याला शांतपणे, बुद्धीला पटेल असं उत्तर कसं द्यायचं. नगरच्या त्या धर्मशिक्षणाच्या शाळेत खोल्या होत्या, फळे होते, पण तुमच्या पत्नी गेल्यापासून तुम्ही स्वतःच रांधायचात, आणि डाळ शिजायला लागल्याशिवाय ईश्वराच्या अस्तित्वाकडे वळायचं नाही असा तुमचा शिरस्ता होता. त्यामुळे वर्ग भरायचा तो तुमच्या स्वयंपाकघरात. आम्ही चौघे पाटांवर. एक जण स्टोला पंप मारतोय, एक जण लसूण सोलतोय, आणि तुम्ही पळी हातात धरून विचारताय, "बोला, आज देव नाही असं कोण सिद्ध करतंय?"

ही तुमची खास रीत. तरुणपणी एका शास्त्रीबुवांकडे बसून तुम्ही न्यायशास्त्र, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, शिकला होतात, तिथून ती आणलेली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप. तो असा मांडायचा की आक्षेप घेणारा समोर असता तर म्हणाला असता, "मला हेच म्हणायचं होतं, फक्त इतकं चांगलं सुचलं नव्हतं." त्यानंतर उत्तरपक्ष, आपलं उत्तर. पूर्वपक्ष लंगडा झाला की उत्तरपक्षाची परवानगी नाही. इतर तिघे धार्मिक घरांतले सरळ मुलगे, त्यांना देवाविरुद्ध बोलताना घाम फुटायचा. मला फुटत नसे. एकदा मी म्हणालो, "सर, माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून जगात दुःख आहे, हे समजलं. पण ढगाला कुठे स्वातंत्र्य दिलंय?" तुमची पळी थांबली. म्हणालात, "पावसाची तक्रार देवाकडे कर. रेशनची ज्वारी कुठे गेली ही तक्रार त्याच्याकडे करू नकोस, ती नेणारा आपल्याला माहीत आहे. दोन्ही एकाच अर्जात घातल्यास की दोन्ही फेटाळल्या जातात." त्यानंतर पावसाच्या तक्रारीला तुमचं जे उत्तर होतं ते तुम्ही आठवडाभर शिकवलंत. देव वर बसून बघत राहिलेला नाही, तो खाली आला, तहानला, मेला. त्याने दुःखाचं कारण सांगितलं नाही, पण तो दुःखाला परका राहिला नाही. मी त्याचे चार मुद्दे केले आणि पाठ करून टाकले. मी ढगाचं विचारलं त्या दिवशी तुमची डाळ थोडी लागली होती.

माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. माझे वडील श्रीगोंद्याकडे एका खेड्यात शाळामास्तर. आमच्या आज्याने ख्रिस्ती धर्म घेतला त्याबद्दल गावाने आणि भावकीने जे ऐकवायचं ते ऐकवलं. आता नातू पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होणार, मंडळीसमोर पांढरा झगा घालून उभा राहणार, म्हणजे आज्याने केलं ते वाया गेलं नाही, असा वडिलांचा हिशेब. प्रवचनाचा परवाना मिळायच्या आधीच त्यांनी झग्याचं कापड घेऊन ठेवलं होतं आणि आळीत सगळ्यांना ते दाखवूनही झालं होतं. परवान्यासाठी एकच गोष्ट उरली होती. एखाद्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीसमोर प्रवचन करून दाखवायचं, आणि परीक्षक म्हणून शिक्षकाने सोबत यायचं. साल दुष्काळाचं होतं. आपण दोघे एसटीने पाथर्डीच्या बाजूला गेलो.

माळ. मधोमध पाझर तलावाचं काम, आणि अख्खी मंडळी त्या कामावर. सुट्टी मिळायची ती बाजारच्या दिवशी, म्हणून रविवारची उपासना पाळकसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत बसवलेली. सावली तिथे एकाच कडुलिंबाची, त्यामुळे ख्रिस्ती असोत नसोत, कामावरचे सगळेच उपासनेला. लोक रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकरी फडक्यातून सोडून बसलेत. पाळकसाहेब म्हातारे, मनापासूनचे, पावसासाठी प्रार्थना करताहेत, आणि इतक्या दिवसांचा पाऊस एका प्रार्थनेत मागायचा म्हटल्यावर वेळ लागतोच. मग मी उभा राहतो.

मी म्हणतो, समजा एक बाप आहे. घरात कणगी भरलेली आहे आणि किल्ली त्याच्याच कमरेला. पोरं दारात उपाशी. बाप म्हणतो, माझा तुमच्यावर फार जीव आहे. अशा बापाला गाव काय म्हणेल? मागून एक जण भाकरीचा घास तोंडात ठेवूनच म्हणतो, "म्हनंल कशाला? जोडा हानंल." हशा पिकतो. लोकांचं चावणं थांबतं. पाळकसाहेब मान वर करतात. मला चेव येतो. किल्ली हरवली असेल म्हणावं तर तो सर्वशक्तिमान. पोरं दिसत नसतील म्हणावं तर तो सर्वसाक्षी. मी एकेक पळवाट बुजवत जातो, तुम्ही शिकवलं होतं तसं. कडेला टोपलं पालथं घालून एक बाई बसलीय, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची. ती एकदम म्हणते, "आसं बोलाया चालतं व्हय, देवाच्या म्होरं?"

मी थांबतो.

"मला वाटायचं, माझ्याच मनात पाप हाय," ती म्हणते. "मी म्हन्लं, हे मला एकलीलाच सुचतंय."

"बाई, आता नीट ऐका," मी म्हणतो, "याचं उत्तर असं आहे की—"

आणि मुकादमाची शिट्टी. "चला, उठा. देव कुटं जात न्हाई, हजेरी जाईल."

उठले सगळे. फडकी बांधली, टोपली उचलली. ती बाईसुद्धा चुंबळ डोक्यावर ठेवून गेली, जाताना माझ्याकडे एकदा बघून. माझे चार मुद्दे घशाशी आलेले आणि समोर लिंबाचं झाड. पाळकसाहेब तुमच्याजवळ आले. "साहेब, उन्हाळ्यात हिचं लेकरू गेलं. मी कसंबसं हिला प्रार्थनेला परत लावलं होतं. आणि हे तुमचे विद्यार्थी येऊन काय सांगून गेले? देव जोडा मारायच्या लायकीचा हाय म्हनून?" तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात. माझी बाजू घेतली नाहीत. परतीच्या एसटीत खारे दाणे माझ्यापुढे धरून म्हणालात, "पूर्वपक्ष चांगला मांडलास." मी म्हणालो, "सर, उत्तर राहिलं." "हो," तुम्ही म्हणालात, "ते सगळ्यांनाच दिसलं. पुढच्या रविवारी परत येऊ."

परत गेलो तेव्हा बाई नव्हती. भावाबरोबर ऊसतोडीला गेली होती, आणि तीही कुठे, तर श्रीगोंद्याकडे, माझ्याच मुलखात. मी उत्तरपक्ष मांडला. या खेपेला पाळकसाहेबांनी प्रार्थना आवरती घेतली होती, त्यामुळे चारही मुद्दे सावकाश, स्वच्छ, वेळेआधी संपले. लोकांनी सभ्यपणे ऐकलं आणि सभ्यपणे भाकरी खाल्ली. मागल्या खेपेचा तो जोडेवाला जाता जाता जवळ आला आणि माझी समजूत घातल्यासारखं म्हणाला, "मागच्या टायमाला ब्येस झालं हुतं, पाव्हणं. आज जरा शाळेवानी झालं."

मग परवाना देणाऱ्या समितीची बैठक. लांब टेबल, चहा, पाळकसाहेबांची तक्रार वाचून झाली, तुम्ही सांगितलंत की विद्यार्थ्याने परत जाऊन प्रवचन पूर्ण केलं आणि उत्तरात काही चूक नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "मग प्रश्नच मिटला," आणि पेनाचं टोपण काढलं. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं ते कापड. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मी एक विचारू का त्याला?" आणि माझ्याकडे वळलात. "दुसऱ्या खेपेला ती बाई तिथे असती तर हेच सांगितलं असतंस?"

"हो" म्हणायला काय लागत होतं, सर? एक अक्षर. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना तेच हवं होतं. पण तुम्ही तसे ऐकत बसला होतात. मी म्हणालो, "नाही."

"मग काय सांगितलं असतंस?"

"माहीत नाही."

"वर्षभर थांबू द्या त्याला," तुम्ही अध्यक्षांना म्हणालात. ते गोंधळले. "अहो, पण उत्तर तर बरोबर आहे ना त्याचं?" "उत्तर बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "पण ते अजून त्याचं नाही, माझं आहे." टोपण परत पेनावर बसलं. बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "मी हो म्हणालो असतो तर?" तुम्ही छत्री शोधत होतात. म्हणालात, "तर परवाना मिळाला असता. मी अडवलं नसतं." या एका वाक्यासाठी मी तुमच्यावर किती वर्षं रागावून होतो, ते सांगायची आता लाज वाटत नाही. फाशी द्यायची ती द्यायची, आणि वर दोर तुझ्याच हातात होता म्हणायचं.

वडिलांना सांगितलं. रात्री जेवताना म्हणाले, "एक वर्ष म्हणजे काय रे, कोरडवाहूतलं एक पीक. बुडायचं तेही बुडतंच." पुढे त्या कापडाचे आईने अभ्रे शिवले. मी एका पेपरात मुद्रितं तपासायला लागलो, तिथून लिहायला. तुम्ही शिकवलेलं सगळं कामाला आलं. पुढाऱ्याने, महाराजाने, कारखान्याच्या चेअरमनने काय म्हणायचंय ते मी त्यांच्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवतो, आणि लोक हसतात. चारचौघांत विषय निघाला की मी तुमची गोष्ट सांगतो, मला पाळक होऊ न देणाऱ्या गुरूची. रंगते. सांगताना "वर्षभर" हा शब्द मात्र गाळतो.

पुढे तुम्ही गेलात. अंत्यविधीला मी आलो होतो, दाराशी उभा होतो. रविवारी चर्चमध्ये जातो अजून, तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, जातो म्हणून सांगतो. प्रवचन वाईट असलं तर सदराला विषय मिळतो आणि चांगलं असलं तर घरी येऊन कोणाशी बोलत नाही. त्या बाईला काय सांगायचं ते आजही मला ठाऊक नाही. एवढंच कळतं की मी तेव्हा उभा राहून बोलत होतो आणि ती बसलेली होती, आणि माझं उत्तर निदान अर्धं त्यातच चुकलं असावं. हे कागद पाकिटात घालण्याचा प्रश्न येत नाही. तुमच्या सध्याच्या पत्त्याबद्दल तुमची खात्री होती. माझी अजून चौकशी चालू आहे.

एक तेवढं तुम्हाला माहीत नाही. वर्ष संपलं तेव्हा मी आलो होतो. संध्याकाळी, सायकलवर. दार लोटलेलं, खिडकी उघडी, आत नवीन मुलं पाटांवर आणि स्टोचा तो भरलेला आवाज, त्याच्यावर चढून तुमचा. माझीच गोष्ट सांगत होतात. माळ, लिंब, कणगी, किल्ली. मुलं हसत होती. म्हणालात, "इतका सरळ पूर्वपक्ष मी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही." माझ्या तोंडावर तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. मी भिंतीला टेकून ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. मग एका मुलाने विचारलं, "पण सर, मग त्या बाईला सांगायचं काय?" तुम्ही स्टो बंद केलात. एकदम शांत झालं, आता तुमचा शब्दन् शब्द बाहेर ऐकू आला असता. मला हवं होतं ते मिळालं होतं, सर. मी सायकलचा स्टँड काढला आणि तुमचं उत्तर यायच्या आत निघालो.