हिरवी थैली

अब्बा, काल मी आकाशपाळण्यात बसले. या वयात, गुडघ्यांची ही दशा असताना! नातीनं हट्टच धरला. तुमच्या विमानतळाला लागून आता मोठा पार्क झालाय, पाळणे आणि घसरगुंड्यांचा. धावपट्टी मात्र तशीच पडून आहे, भेगाभेगांतून तरवड उगवलेली. ती पार्कला द्यायची की तिथं पुन्हा विमानं आणायची, यावरून गावात दोन तट पडलेत. परवा कचेरीतल्या साहेबानं मला विचारलं, "तुम्ही इथल्या जुन्या. इथं कधी विमान उतरलं होतं का?" मी म्हटलं, निजामाच्या काळात उतरायची म्हणतात. नंतर एक आलं होतं, पण उतरलं नाही. का नाही, ते मला सांगता येईना. तुम्हाला तरी कुठं सांगता आलं होतं?

निजाम गेला, राज्य बदललं, तरी तुम्ही विमानतळाचे राखणदार म्हणून तिथंच राहिलात. खांबावर कापडाची थैली चढवली की वर विमानातल्याला वारा कुठून आहे ते कळतं, हे मी तुमच्याकडून शाळेत जायच्या आधी शिकले. ती थैली दरवर्षी अम्मी पांढऱ्या मांजरपाटाची शिवायची. मग एका वर्षी कचेरीतून सांगावा आला, उरुसाच्या दिवसांत पाहणीचं विमान येणार. उतरलं तर विमानतळ चालू राहील आणि तुमची नोकरीही; नाही तर टाळं. अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून टाके घालतेय, हे मला अजून दिसतं. जुनी थैली उन्हानं विरली आहे आणि तिच्या मांडीवर हिरवं कापड आहे, दर्ग्याच्या चादरीतून उरलेलं. बरकत राहील म्हणून. तुम्ही विचारता, "सफेद नै क्या?" ती दातानं दोरा तोडत म्हणते, "हवा क्या रंग देख को चलती?" तुम्ही हसता. तुम्हाला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

विमान यायचं त्या दिवशी तुम्ही पट्टी अंगणासारखी झाडून घेतलीत. बेंबळीहून उरुसाला आलेल्या एका गाडीवानाला बैल तिथं बांधू दिले नाहीत. मी जिलेबी खात पट्टीवर पाय टाकला, तर माझ्यावरही असे ओरडलात की जिलेबी हातातून पडली. मग विमान आलं. एवढं खाली, की बैलांनी दावी तोडली. दोन घिरट्या घातल्या. तुम्ही खांबाखाली दोन्ही हात वर करून उभे. आणि ते वळलं, निघून गेलं. उरुसातल्या लोकांनी टाळ्या पिटल्या, त्यांना वाटलं हाही तमाशाच. तो गाडीवान तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "चाचा, इमान तर गेलं की हो! उतरणार म्हणलाव न्हवं?"

टाळं लागलं. पुढं तुम्ही लोहाऱ्याच्या बाजारात तंबाखू विकायला बसलात, आणि शेवटच्या आजारातसुद्धा छताकडं बघत विचारायचात, "उसकू हमारी थैली दिखी नै क्या?" अम्मी पाय चेपत म्हणायची, "दिखी हुंगी जी."

काल पाळणा अगदी वर जाऊन थांबला. खाली उरूस भरलेला. सहज खाली पाहिलं. जमिनीवरून तुमचा तो खांब एकटा दिसतो, सगळ्यांपासून लांब. वरून तसा नाही दिसत, अब्बा. दर्ग्यापासून पट्टीच्या कडेनं हिरव्या निशाणांची रांग जाते, दर उरुसाला जाते, आणि खांब बरोबर त्या रांगेत येतो. त्यावर हिरवी थैली असती तर मला, तुमच्या लेकीला, ओळखू आली नसती. वरचा माणूस पांढरी शोधत असणार. त्याला खाली नुसता उरूस दिसला असणार. मी दांडा धरून तशीच बसले. नात म्हणाली, "नानी, घाबरलीस?" आपण जन्मभर नशिबाला बोल लावला, टाळं लावणाऱ्या साहेबांना लावला, राज्य बदललं त्याला लावला. आणि ते एवढंसं होतं!

नातीला मी सांगितलं, वरून काही दिसत नाही गं, नुसतं गरगरतं. साहेबालाही याहून वेगळं सांगणार नाही. आणि हे पत्र पाठवायची सोय असती, तरी पाठवलं नसतं. अम्मी तुमच्या शेजारीच आहे, आणि तुम्हाला तिच्यापासून काही लपवता कधी आलं?