प्रत्येकाचं एक पान

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? आईचं म्हणणं, तू पत्रात बरा आहे लिहितेस आणि जिना बसून उतरतेस. खरं काय ते मला कळव, मी तिला सांगणार नाही. (सांगेन.)

प्रशिक्षण शाळेत लागून मला दोन महिने झाले. जूनमध्ये माझ्या लेथ मशीनच्या वर्गात बत्तीस जण होते, आज चोवीस आहेत. भांडण नाही, तक्रार नाही. एक दिवस एखाद्याचा कामाचा कोट खुंटीवर तसाच राहतो आणि मग तो माणूस येतच नाही. प्राचार्य म्हणाले, वीसच्या खाली गेलात तर वर्ग बंद, आणि वर्गाबरोबर तुम्हीही. आत्या, मी शिकवते चांगलं. मायक्रोमीटर दगडालाही समजेल असा समजावते. तू चौतीस वर्षं गणितासारख्या विषयाला पोरं धरून ठेवलीस, ती कशी?

तुझा लोभ आहेच, सल्लाही असू दे.
तुझी,
बारकी


११ ऑगस्ट

चि. बारकीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे जागेवर. आईला तेवढंच सांग.

तू वर्गात शिरतेस आणि फळ्याकडे तोंड करून सुरू होतेस, हे मी न बघता सांगते. लहानपणी गोष्टसुद्धा भिंतीला सांगायचीस. आता आधी दाराशी उभी राहा. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मार. पहिली पाच मिनिटं काही शिकवू नकोस. वर्ग चुकवलेल्याला “का आला नाहीस” विचारलंस की तो खोटं बोलतो. “काल तुझ्या मशीनवर कोणी नव्हतं, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं” म्हण, आणि गप्प बस. पुढचं तो सांगेल.

एक वही कर. प्रत्येकाला एक पान. मार्क लिहायचे नाहीत. त्याने काय सांगितलं ते लिहायचं, म्हणजे आठवड्याने तू त्याला त्यातलंच विचारशील. आपलं बोलणं कोणी लक्षात ठेवलंय हे कळलं, की माणूस सहसा वर्ग सोडत नाही.

जेवत जा. बाईंचा आवाज पोटातून येतो.
तुझी,
आत्या


१८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाच आठवड्यांत एकही कोट खुंटीवर राहिलेला नाही! मशीनवर डुलक्या काढणारा पहाटे बेकरीत भट्टी लावतो, हे मला पाच मिनिटांच्या गप्पांत कळलं. त्याचं प्रात्यक्षिक दुपारी घेतलं, तर आता तोच इतरांना हलवून जागं करतो.

आणि आमची तंतोतंत! एकोणीस वर्षांची आहे. मशीनवर केसाचाही फरक पडू देत नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं. तीन आठवडे ती माझ्याशी बोललीच नाही. मग एक दिवस हात पुसता पुसता म्हणाली, बाई, मी शिवणाच्या क्लासला जाते असं घरी सांगितलंय. वडील नाहीत. थोरल्या भावाने आधीच बजावलंय, की पुरुषांत मशीनवर उभी राहिलेली दिसलीस तर पुन्हा घराबाहेर पडणार नाहीस. मला म्हणाली, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी घरी येऊन तिच्या पानावर सगळं लिहिलं.

प्राचार्यांनी वही पाहायला मागितली. इतर शिक्षकांना दाखवण्यासारखी आहे म्हणाले. दिली बाई मी, छाती फुगवून! ठेवून घेतलीय, या आठवड्यात परत देतील.

कौतुकाचं पत्र पाठव. गुडघ्याबद्दल एक ओळ चालेल.
तुझी,
बारकी


२४ सप्टेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून होताच ऊठ आणि ती वही परत आण. उद्यावर टाकू नकोस.

चूक माझी आहे. मी वही कर म्हणून लिहिलं, पण माझी वही कशी असायची ते लिहिलं नाही. मी नाव कधीच टाकत नसे. दुसऱ्याला वाचून काही उमगणार नाही असे दोन-दोन शब्द लिहायची, आणि काम झालं की पान फाडून बंबात टाकायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी माझा खण उघडला होता. एका मुलीने मला सांगितलेली गोष्ट तिच्या बापापर्यंत गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. तिचं काय झालं ते विचारायला मी गेले नाही. लाज वाटली. तुला लिहितानाही हीच लाज आड आली, म्हणून पद्धत अर्धीच सांगितली.

वही हातात आली की दोन ओळी टाक.
तुझी,
आत्या


१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तशीच प्राचार्यांकडे गेले. वही त्यांनी दिली, अगदी हसून. पण पानं टाइप करून झाली होती.

पंधरा ऑक्टोबरला पट मोजतात. त्या दिवशी जे पटावर असतील, त्यांतले वर्षअखेर किती टिकले यावर शाळेचा शेरा ठरतो. आधी गेलेले मोजत नाहीत. तेव्हा जे पुढे गळतील असं वाटतं ते आताच गळलेले बरे, असा त्यांचा हिशोब; त्यापायी वर्ग वीसच्या खाली गेला तरी त्यांना चालतो. कोण गळेल ते माझ्या वहीत लिहिलेलंच होतं.

याहून वाईट पुढे आहे. गेल्या बुधवारी दोन तासांच्या मध्ये शिपाई चोवीस पत्रं घेऊन आला. वर लिहिलं होतं, “पालकांस प्रगती कळवणे”. घरच्यांचा विश्वास वर्गशिक्षिकेवर असतो, म्हणून सही माझी हवी. हत्यारांच्या कपाटावर कागद ठेवून मी भराभर सह्या केल्या. एकही वाचलं नाही. सोमवारी त्यांच्या प्रती पाहिल्या तेव्हा कळलं, प्रत्येकात त्या-त्या पानावरची अडचण होती, आणि शेवटी एक ओळ, की घरून पाठिंबा नसल्यास पाल्याचं नाव आताच काढून घ्यावं.

तंतोतंत शनिवारपासून आलेली नाही.

काय करू ते लगेच लिही.
बारकी


५ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

त्या घरी एकटी जाऊ नकोस. एकट्या बाईला दारातून गोड बोलून परत पाठवणं सोपं असतं. आधी वर्गाला सगळं सांग. पानं त्यांची होती. ऐकून जे उठून जातील त्यांना जाऊ दे. मग ज्यांना यायचंय त्यांना घेऊन जा. मी गेले नव्हते तशी घरी बसू नकोस.

तुझी,
आत्या


८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शुक्रवारी मी एकटीच जाऊन आले होते.

भावाने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, बाई, तुमचे उपकार, तुम्ही कळवलंत म्हणून कळलं. पत्र त्याच्या खिशात घडी करून होतं. बहीण मामाकडे गेलीय म्हणाला. गाव विचारलं तर हसला. त्याची बायको आतल्या दाराला पाठ लावून उभी होती, मी निघेपर्यंत हलली नाही. बाहेर पडताना चपलांच्या फळीवर तंतोतंतचे बूट दिसले, तळव्यात लोखंडाचा कीस रुतलेला. दुसरा जोड तिच्याकडे नाही. मी ते पाहिलं, येते म्हणाले, आणि आले.

आज वर्गाला सगळं सांगितलं. वही, सह्या, बूट. मग सहा जणांनी कोट काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यांच्याही घरी पत्रं गेली होती. बेकरीवाला म्हणाला, बाई, तुमच्यावर आता विश्वास नाही, पण तिच्यासाठी येतो. सतरा जण आले.

दुपारपासून आम्ही घरासमोरच्या पायरीवर आहोत. भाऊ एकदा बाहेर आला, आम्हाला मोजलं, आत गेला आणि कडी लावली. बेकरीवाला पोलीस चौकीत जाऊन आला. हवालदार म्हणाला, घरचा मामला आहे, पण मुलीला धोका आहे हे ज्याला आधीपासून माहीत होतं त्याने येऊन लिहून द्यावं. असा माणूस एकच आहे, मी. प्राचार्यांचा निरोप आलाय, की वर्ग सोडून गेल्याबद्दल उद्यापासून मी येऊ नये.

हे पत्र गुडघ्यावर ठेवून लिहितेय. टपालात टाकून चौकीत जाते. सतरा जण इथेच थांबतायत. मघाशी आत काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर घरात कसलाच आवाज नाही.

माझ्यावर राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझी,
बारकी