कर्ल्यू खाडीच्या तोंडावरील रिकाम्या होडीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
खाडी खुणा विभाग (उथळ पाणी कक्ष),
फ्लोरिडा कीज.

विषय : विभागाची रिकामी होडी हलवण्याबाबत. (पुरवणी वाचल्याशिवाय कार्यवाही करू नये.)

संदर्भ : 'मोटर बंद' पाटीच्या खांबाला आपले कर्मचारी होडी बांधून जेवायला गेले, तो दिवस.

महोदय,

१. मी डेलबर्ट पिंडर, गिऱ्हाइकांना गळाला पिसांची नकली माशी लावून टार्पन हा माणसाएवढा मासा धरायला नेणारा नावाडी. टार्पन खाडीच्या तोंडाशी वळतात आणि लगेच खोल पाण्यात उतरतात. गळ पोहोचेल अशी जागा तिथे एकच आहे. ती पहाटे जो आधी येईल त्याची. बाकीच्यांनी मागे रांगेत, गप्प उभे राहायचे, असा आमचा रिवाज आहे.

२. त्याच जागेवरच्या खांबाला बांधलेली आपली होडी रोज सगळ्यांच्या आधी आलेली असते.

३. होडीत कोणी नाही हे मी रांगेत निदर्शनास आणले. माझा मेहुणा ऑरिन म्हणाला, "नाव लागली म्हणजे लागली, दाजी! झोपला असेल आत. सरकारी माणूस आहे." त्यामुळे आम्ही सर्व नावाडी आपल्या होडीमागे उभे राहून माशांच्या शेपट्या पाहतो.

४. हा मुद्दा मेहुण्याविषयी होता. पत्नीने खोडायला लावला.

५. माझ्या गिऱ्हाईक ऑल्बरी बाई. आम्हा सगळ्यांना शाळेत त्यांनीच शिकवले. पुढच्या महिन्यात त्यांच्या खांद्याचे ऑपरेशन आहे, त्यानंतर गळ फेकता येण्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्यांना आजवर एकही टार्पन लागलेला नाही. काल म्हणाल्या, "डेलबर्ट, तू वर्गातही असाच मागच्या बाकावर बसायचास."

तरी होडी हलवावी, नाहीतर ती मासेमारी करत नसल्याचे लेखी कळवावे. मेहुणा शिक्का असल्याशिवाय मानत नाही.

पुरवणी (आज दुपारी) : अर्ज टाकायचा राहिला होता, ते बरे झाले. आज सकाळी बाई म्हणाल्या, "पहिला मान त्या होडीचा ना? मग मला तिच्यात बसव." रिवाजात याला मनाई नव्हती. बसवले. दुसऱ्याच फेकीला टार्पन लागला. "दोर सोड, गाढवा!" असे बाई ओरडल्या, आणि ऑरिनने वर्गातल्यासारखे उठून खांबाचा दोर सोडला. मासा विभागाच्या होडीसह बाईंना खाडीभर फिरवत राहिला. आम्ही रांग न मोडता मागून गेलो. शेवटी बाईंनी त्याच्या जबड्याला हात लावला आणि त्याला सोडून दिले. मग रांगेत वळून म्हणाल्या, "आता बोला."

होडी परत त्याच खांबाला, त्याच गाठीने बांधली आहे. बाईंना ऑपरेशनपर्यंतची प्रत्येक भरती हवी आहे.

तरी वरील विनंती रद्द समजून होडी कृपया अजिबात हलवू नये.

आपला, आणि सध्या आपल्या होडीचाही, नम्र,
डेलबर्ट पिंडर
१२ जून

सोबत : आपल्या होडीचे वल्हे (दोन तुकडे).