शिगोशीग घागर

४ जानेवारी १९२८
बारा शेर! पाण्यानं मापली तर घागरीत बारा शेर मावतात. बायको, सोजरा, चुलीपाशी बसून बघत होती. "पाण्यानं काय कळतंय? पैसे पाण्यागत बसत्यात व्हय?" खरं आहे बाईचं.

सहा महिन्यांमागं मुदतीच्या तापानं मी गेल्यातच जमा होतो. वैद्यानं हात टेकले तेव्हा ती करमाळ्याच्या भवानीला बोलली — "माझा धनी उठू दे, घागरभर पैसे वाहीन. भरंस्तोवर उंबरा ओलांडणार न्हाय." मी उठलो. ती बसली! घरात शेंगाची चटणी कुटते, मी गल्लोगल्ली विकतो. पाणीही मीच भरतो. पोटापुरतं ठेवून उरलेले पैसे घागरीत.

५ जानेवारी
शेराचं माप घेऊन गुरुसिद्धप्पा वाण्याकडं गेलो. म्हटलं, गल्ल्यातले पैसे यात भरून बघू दे.
"काका, पैसे काय जोंधळे हायेत, मापून न्यायला?" हसला, पण ओतले.
पैसे आडवेतिडवे पडतात, मधे पोकळ राहतं. मोजले — हजाराला थोडे कमी. म्हणजे घागरीत बारा हजारांच्या घरात. रुपयाला चौसष्ट पैसे, म्हणजे रुपये एकशे ऐंशीच्या आसपास! माझ्या जिवाला एवढा भाव बाजारात कुणी दिला नसता.

सोजराला आकडा सांगितला नाही.

७ जानेवारी
युक्ती सुचली — पैशांऐवजी पै टाकावी. बारकं नाणं, स्वस्तात भरेल! वाण्याच्या तागडीत एका पैशासमोर तीन पै ठेवल्या. काटा मधोमध. पैशाला तीन पै, अन् तांबंही तेवढंच. सरकारनं फट म्हणून ठेवली नाही.

१५ जानेवारी
कुर्डुवाडीहून जावयाचा, कोंडीबाचा, निरोप. रुक्मीला नववा लागला. पहिलं बाळंतपण इथं केलं, लेकरू राहिलं नाही. आता पोर म्हणते, मी हलणार नाही, आईलाच धाडा. सासू नाही तिला.

सोजरानं ऐकून घेतलं आणि घागर गदागदा हलवली. पैसे दोन बोटं खाली बसले!
"अगं, काय करतेस?"
"देवीला पोकळ माप घालू व्हय? शेजारणीला जोंधळे देताना हलवून, वर शीग लावून देतोच की आपण."
माझा अंदाज गेला चुलीत. हलवून, शीग लावून — आणखी दोन-अडीच हजार तरी धरावे. आत्ता कुठं पाव घागरही नाही.

१७ जानेवारी
म्हटलं, तळाला जोंधळे, वर पैसे — कोण बघतंय? सोजरा भाकरी वाढताना म्हणाली, "आन् तुमी पुना पडला म्हंजी?"
तिला भीती देवीची नाही. माझी आहे.

२० जानेवारी
"किती ऱ्हायलं वो?"
"थोडंच की."
अजून दोन वर्षं! चटणी कितीही खपली तरी.

२८ जानेवारी
सकाळच्या गाडीनं कोंडीबा आला. डोळे लाल. "मामी, रुक्मी अडलीया. सारखं आई-आई करतीया. चला."
सोजरा उंबऱ्यापर्यंत आली. पाय उचलेना. चौकट घट्ट धरलेली. माझ्याकडंच बघत होती.
"जा," म्हटलं.
"तुमचं काय?"
"मला काय धाड भरलीय? गडी ठणठणीत हाय!" दंड थोपटून दाखवले. कोंडीबा तशातही हसला.
ती गेली. पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत.

२९ जानेवारी
गार्डाच्या हाती निरोप आला — मुलगी झाली, दोघी सुखरूप! एकटाच मोठ्यानं हसलो.

३१ जानेवारी
अंगात ताप आहे. गुरुसिद्धप्पा म्हणाला, काकींना तार करतो. त्याचा हातच धरला. तिला कळलं तर आपण उंबरा ओलांडला म्हणूनच ताप आला असं धरून बसेल, पुन्हा जन्मात बाहेर पडणार नाही.
ताप ती जायच्या आदल्या दिवशीचा आहे. दंड थोपटले तेव्हाही होता.