मॉडेलच्या टोकावरचं कुंकू

सर, त्या खंडेनवमीच्या सकाळी मी विश्रांतवाडीहून लवकर निघालो, वाटेत झेंडू घेतला आणि तुम्ही यायच्या आत विंड टनेलची, आपल्या त्या वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्याची, पूजा उरकली. पंख्याला हार, कंट्रोल पॅनेलला हळद-कुंकू आणि शेवटी आत बसवलेल्या मॉडेलच्या नाकाला ओल्या कुंकवाचं बोट. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "अहो, देवाला एवढंच सांगा, शून्याचं रीडिंग शून्य ठेव म्हणावं," आणि पेढा मात्र दोनदा घेतलात. दसरा झाल्यावर मी मॉडेल पुसलं. पुसलं असं मला वाटलं.

तुमची अडचण मला माहीत होती. ते क्षेपणास्त्रासारखं लांब, टोकदार मॉडेल वाऱ्यात सरळ असलं की शहाण्यासारखं वागायचं. नाक फार वर उचललं की त्याच्या पाठीवर दोन भोवरे सुटायचे, एक अंगाला चिकटलेला, एक लांब गेलेला, आणि वारा अगदी समोरून असूनही मॉडेल एका बाजूला ओढलं जायचं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एकाच चाचणीत बाजू बदलायचं. गावी शाळेतून येताना कालव्यातल्या खांबामागे पाणी असंच आळीपाळीने वळताना मी बघत उभा राहायचो, म्हणून मला त्याचं नवल नव्हतं. तुम्हाला मात्र निवृत्तीआधी उत्तर हवं होतं. दसऱ्यानंतर ते आलं. ओढ डावीकडे, दर वेळी डावीकडे, स्थिर. तुम्ही अहवाल लिहिलात आणि त्यावर माझंही नाव घातलंत. आयटीआय झालेल्या माणसाचं नाव तोवर तिथे कोणी घातलं नव्हतं.

महिन्याभराने मॉडेल पेटीत ठेवताना मी तुम्ही दिलेलं भिंग सहज टोकावर धरतो. टोकाच्या एका अंगाला कुंकवाचा वाळलेला कण, खसखशीहून बारीक. नखाने काढतो. दुसऱ्या दिवशी टनेल रिकामा असतो, म्हणून मॉडेल पुन्हा चढवून बघतो. ओढ परत डावी-उजवी. एवढासा कण भोवऱ्यांना बाजू ठरवून देत होता. ती रीडिंग मी माझ्या वहीत उतरवली आणि तुम्हाला सांगायला दवाखान्यात आलो; तोवर तुम्ही आजारी पडून तिथे भरती झाला होतात. तुमच्या उशाशी अहवालाची प्रत होती. तुम्ही म्हणालात, "एवढं एक काम नीट झालं बघा." मी मोसंबी सोलून दिली आणि घरी गेलो. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. त्याला आता बारा वर्षं झाली.

यंदा आमच्याकडे एक नवीन मुलगी आली आहे, पीएचडी करून. तुमचा अहवाल पुढ्यात ठेवून तशाच आकारावर काम करते. तिची रीडिंग डोलतात. आताच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, कॉलेजात मोजायला शिकवलं नव्हतं का. तिने सगळी यंत्रणा तीनदा उघडून तपासली. परवा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, माझंच काहीतरी चुकतंय. या अहवालातला डेटा इतका क्लीन आहे. मी हे काम सोडतेय." मी तिला चहा सांगितला.

तुम्ही नाही आहात म्हणून हे लिहू शकतो, सर. रोज सकाळी देवापुढे बसताना, तुमचं नाव राखण्यासाठी मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नव्हतं. त्या अहवालावर मला बढती मिळाली होती. आणि कुंकू लावणारा हात माझा होता. लोक हसले असते, नुसते मला नाही, माझ्या देवालाही. ते मला सोसलं नसतं.

काल रात्रीपर्यंत मन तयार नव्हतं. आज सकाळी दुरुस्तीचं टिपण लिहिलं. पूजा, कण, नंतरची रीडिंग, सगळं. खाली माझी एकट्याची सही. आधी तिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

भीती वाटली, म्हणालो. टिपणात तेवढी ओळ नव्हती. ती मी सहीच्या वर, उरलेल्या जागेत पेनने लिहिली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.